मूळ मालिका नसताना टाय-इनचे संग्रह ग्रंथालयाने वाचकांना द्यावेत काय?

पळस (धागाकर्ता)

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळचे गावचे पण आता पुण्यास नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी सुपरहिरो कॉमिक्सच्या संग्रहांचे एक खोके भेट दिले आहे. त्यातील बहुतेक संग्रह मार्व्हल या अमेरिकी प्रकाशकाच्या 'सिव्हिल वॉर' या २००६-०७ मधील क्रॉसओव्हरशी (अनेक वीरांच्या मालिकांतून पसरलेल्या एकाच कथेशी) जोडलेले, म्हणजे ज्यांना टाय-इन म्हणतात ते आहेत. ज्या सात अंकांच्या मूळ मालिकेला ते जोडले आहेत, ती मात्र खोक्यात नाही. वीरांनी सरकारकडे नोंदणी करावी या कायद्यावरून त्यांच्यात दोन तट पडतात, अशी ती कथा आहे. यंदाच्या पुस्तकखरेदीतून थोडी रक्कम या विभागासाठी मिळावी असा विषय मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे. माझे मत असे की ती रक्कम मूळ मालिकेवरच खर्च करावी आणि ती येईपर्यंत हे संग्रह देवघेवीस काढू नयेत.

याला कारण घडले आहे. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ५३२ ते ५३८ या अंकांचा संग्रह अकरावीतील एका मुलाने ग्रंथालयातच बसून वाचला. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) पीटरला, म्हणजे स्पायडर-मॅनला, सरकारी नोंदणी करून जगासमोर मुखवटा उतरवण्यास सांगतो, घरी मे काकू आणि पत्नी मेरी जेन यांच्याशी त्यावर खल होतो, इथपर्यंत त्याला सर्व समजले. परंतु ज्या पत्रकार परिषदेत तो मुखवटा उतरतो, तिचे मुख्य दृश्य मूळ मालिकेच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी आहे. शेवटी नोंदणीविरोधी गटाचा म्होरक्या कॅप्टन अमेरिका हातातला लढा सोडून शरण का जातो, हेही मूळ सातव्या अंकाशिवाय उमगत नाही. मुलाने पुस्तक उलटे धरून बांधणी तपासली आणि मला विचारले, "सर, याचे मधातले पानं गेले काय?" पाने शाबूत होती. ज्या पुस्तकाबद्दल असा प्रश्न पडतो ते पुस्तक पूर्ण आहे, असे मी तरी म्हणणार नाही.

तर्रीपोहे

धागाकर्त्यांशी मी मुळीच सहमत नाही. मूळ मालिका म्हणजे पूर्ण गोष्ट आणि टाय-इन म्हणजे तिची कात्रणे, हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

पीटर नोंदणीच्या बाजूचा असतो आणि मूळ मालिकेच्या पाचव्या अंकात एकाएकी टोनीशी भिडतो. त्याचे मन का पालटले, हे तिथे धड कळत नाही. ते कळते तुमच्या त्या 'अपूर्ण' संग्रहात. निगेटिव्ह झोन या दुसऱ्या विश्वातील तुरुंग टोनी त्याला दाखवतो, नोंदणीला नकार देणाऱ्यांना खटल्याविना तिथे डांबून ठेवल्याचे त्याला दिसते, आणि आपल्या शब्दाखातर घरच्यांना आपण कोणत्या संकटात लोटले हे त्याच्या ध्यानात येते. शेवटच्या अंकात किंगपिन या गुन्हेगारी सरदाराने नेमलेल्या मारेकऱ्याची गोळी पीटरऐवजी मे काकूंना लागते, तेव्हा त्या पत्रकार परिषदेची खरी किंमत वाचकाला समजते. मूळ मालिकेत कायदा, गट आणि हाणामारी आहे. माणसे टाय-इनमध्ये आहेत. 'फ्रंट लाइन' या जोडमालिकेत तर बेन युरिक आणि सॅली फ्लॉइड हे दोन पत्रकारच मध्यभागी आहेत आणि वीर लोक कडेला आहेत. खेड्यातील वाचकाला यातले काय अधिक जवळचे वाटेल, हे मी सांगायला हवे काय?

मुलांनी 'सिव्हिल वॉर'वरचा २०१६ चा चित्रपट मोबाईलवर पाहिलेला असतो, त्यामुळे दोन तट पडतात एवढे त्यांना आधीच ठाऊक असते. चित्रपटातील कायदा वेगळा आहे आणि मुखवट्याचा प्रसंग त्यात नाही, परंतु पुस्तक हाती घेण्यापुरती ओळख त्याने होते. रक्कम मिळालीच तर आणखी टाय-इन घ्या, असे मी म्हणेन.

एसटीची खिडकी

दोघेही प्रकाशकाच्या धंद्याबद्दल गप्प आहेत, याचे आश्चर्य वाटते. ही तुटलेली गोष्ट चुकून तुटलेली नाही. १९८४ साली मार्व्हलने मॅटेल कंपनीच्या खेळण्यांच्या जोडीने 'सीक्रेट वॉर्स' ही बारा अंकांची मालिका काढली. स्पायडर-मॅन त्या मालिकेतून काळा पोशाख घालून परतला तो मे १९८४ च्या त्याच्या स्वतःच्या अंकात. तो पोशाख त्याला कुठे आणि कसा मिळाला, हे उघड झाले 'सीक्रेट वॉर्स'च्या डिसेंबरमधील आठव्या अंकात. मधले महिने वाचकाने दोन्हीकडे पैसे मोजत राहावे, हीच त्यातली खुबी होती. २००६ मध्ये 'सिव्हिल वॉर'चा मूळ अंक रखडला, तेव्हा त्याच्या आधी काही फुटू नये म्हणून जोडअंकही पुढे ढकलावे लागले. अंक असे एकमेकांच्या पायांत बांधलेले असतील, तर त्यांचे संग्रहही तसेच असणार.

आपल्याकडे बसस्थानकाजवळच्या दुकानातून राज कॉमिक्सचे अंक भाड्याने आणून वाचणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. नागराज आणि ध्रुव एकाच कथेत येत, ऐन रंगात 'पुढील भागात' अशी पाटी येई, आणि तो पुढील भाग दुसऱ्याच कुणीतरी नेलेला असे. त्यापेक्षा इंद्रजालमधला मराठी वेताळ बरा, बहुतेक वेळा एका-दोन अंकांत निकाल लावून मोकळा होई! माझा सल्ला असा की ग्रंथालयाने क्रॉसओव्हरच्या नादी लागूच नये.

पळस (धागाकर्ता)

तर्रीपोहे यांचा तुरुंगाचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी मान्य करतो. परंतु तो मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. मन पालटण्याची मौज कळायला आधी मन कुठे होते आणि बाहेर काय पेटले होते, हे ठाऊक असावे लागते. स्टॅमफर्ड शहरातील स्फोटात मुलांसह शेकडो माणसे मरतात आणि त्यातून तो कायदा येतो. हे मूळ पहिल्या अंकात आहे. ते न वाचणाऱ्याला टोनी केवळ खलनायक वाटतो. आमच्या अकरावीच्या विद्यार्थ्याला तसेच वाटले.

खिडकी यांना एवढेच सांगतो की फुकट आलेले खोके परत पाठवता येत नाही.

तर्रीपोहे

टोनी खलनायक वाटला तर वाटू द्या. पीटरलाही अखेरीस तसेच वाटते, आणि संग्रह पीटरचा आहे. शिवाय सर्वच टाय-इन एका मापाने मोजू नका. २००५ च्या 'हाउस ऑफ एम' या क्रॉसओव्हरशी जोडलेली स्पायडर-मॅनची पाच अंकी मालिका पाहा. बदललेल्या जगात पीटरचे ग्वेनशी (मूळ कथेत मेलेल्या त्याच्या प्रेयसीशी) लग्न झालेले आहे, त्यांना मूल आहे, मूळ कथेत मेलेले बेन काका हयात आहेत, आणि आपण म्युटंट (जन्मजात शक्ती असलेला) नाही हे त्याने जगापासून लपवले आहे. जग कुणी बदलले हे माहीत नसले तरी त्या सुखाला लागलेली कीड दिसते. खोक्यात ती असेल तर कार्यकारिणीची वाट न पाहता देवघेवीस काढा.

दाखल नोंदवही

मी शेजारच्या तालुक्यात ग्रंथालय सांभाळतो, म्हणून व्यवहाराचे बोलतो. पुस्तक दाखल करून कपाटात कुलूपबंद ठेवायचे, हे आमच्या कामाच्या रीतीत बसत नाही. मूळ मालिका मागवा, जरूर मागवा. पण तोवर प्रत्येक संग्रहाच्या पुठ्ठ्याच्या आत अर्ध्या पानाची मराठी चिठ्ठी चिकटवा. तिच्यात स्टॅमफर्डचा स्फोट, कायदा आणि दोन गट एवढे आधी सांगावे. कॅप्टन अमेरिकेच्या शरणागतीची दुसरी चिठ्ठी मागच्या पुठ्ठ्याला लावावी, म्हणजे वाचण्यापूर्वी ती कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही.

पळस (धागाकर्ता)

पुढची चिठ्ठी मी लिहितो. मागची तर्रीपोहे यांनी लिहावी, मात्र तिच्यात टोनीला शिव्या नसाव्यात.

तर्रीपोहे

लिहितो. शिव्यांची हमी देत नाही.