बीसी-२२१ चा क्रिस्टल किती खरा?

तारकरी: दुसऱ्या महायुद्धातला बीसी-२२१ फ्रिक्वेन्सी मीटर (रेडिओ लहरींची वारंवारता मोजायचं यंत्र) मिळालाय, त्याच सीरियल नंबरचं कॅलिब्रेशन बुक (डायलच्या आकड्यावरून फ्रिक्वेन्सी सांगणारं) पण सोबत आहे!! डायल फिरवताना गिअर इतके मऊ चालतात की सोडवत नाही. आतला १ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे पक्की फ्रिक्वेन्सी देणारा भाग, अजून खरा आहे का हे कसं बघायचं?

लहरी: आधी तासभर तापू दे. मग शॉर्टवेव्ह रिसीव्हर १० मेगाहर्ट्झवर लाव, आपल्याकडे चीनचं बीपीएम हे अचूक फ्रिक्वेन्सी पाठवणारं स्टेशन बऱ्यापैकी येतं, आणि क्रिस्टलचा दहावा हार्मोनिक (दहापट फ्रिक्वेन्सी) नेमका तिथेच पडतो, दोन्ही एकत्र ऐकले की शिट्टी येते, दोघांतला फरक कमी होत गेला की ती खाली खाली जात शेवटी आवाज नुसता फुगतो-ओसरतो. सेकंदाला एकदा फुगला तर फरक १ हर्ट्झ, म्हणजे कोटीत एक! कानाने एवढं मोजता येतं याचं मला आजही अप्रूप आहे.

जुनंसोनं: जीपीएसडीओ (जीपीएसवरून अचूक फ्रिक्वेन्सी देणारं यंत्र) असेल तर त्याचं १० मेगाहर्ट्झ रिसीव्हरला हलकंसं दे, फेडिंगची, म्हणजे सिग्नल कमीजास्त होण्याची, कटकट नाही. पण बुक जिवापाड जप हां, प्रत्येक सेटचं वेगळं असतं, दुसऱ्याचं चालत नाही.

तारकरी: वा, आज रात्रीच बसतो. हेडफोन हाय इम्पिडन्सच (जास्त विद्युत रोधाचे) लागतील ना?

लहरी: हो, जुनेच घे.