सिझर: कमरेतली भूल की पूर्ण भूल?

गर्भसोबत:
ठरवून होणाऱ्या सिझरआधी गर्भवतींकडून एक मागणी वरचेवर येते: “मला पूर्णच झोपवा.” भीती दोन असतात. कमरेतल्या सुईने पाठ कायमची धरेल, आणि पोट कापताना कळेल. नेमकं काय सांगावं?

भूलघर:
पाठीचं आधी. सुई २५ किंवा २७ गेजची, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. ती साधारण कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून जाते. मज्जारज्जू बहुतेकींत त्याच्या वरच संपलेला असतो. टोचलेली जागा दोन-चार दिवस हुळहुळते. पुढची पाठदुखी सैल झालेल्या सांध्यांची आणि वाकून पाजण्याची. पूर्ण भूल घेतलेल्यांनाही ती होते.

“कळेल का” याला मात्र गुळमुळीत उत्तर नको. ०.५ टक्के हेवी ब्युपिवाकेन हे बधिर करणारं औषध साधारण २ मिली दिलं की पाच-दहा मिनिटांत पाय जड होतात. छातीपर्यंत, स्तनाग्रांच्या पातळीला गार स्पर्श कळेनासा झाला हे तपासूनच चीर घ्यायची. ओढाताण कळते, बाळ काढताना वरून रेटतात तो दाब तर चांगलाच कळतो. कळ मात्र येता कामा नये. आली तर तिने तिथेच सांगावं, आणि “थोडंच राहिलंय” हे त्यावरचं उत्तर नव्हे. औषध वाढवायचं, नाहीतर पूर्ण भूल द्यायची.

गर्भसोबत:
मग आधीच पूर्ण भूल का देत नाहीत?

रातपाळी:
गरोदरपणी पोटातलं आम्ल वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो, घसा सुजलेला असल्याने नळी घालणं अवघड होतं. भुलीच्या वायूने गर्भाशय सैल पडून रक्तस्राव वाढतो. प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल किंवा बाळाचे ठोके झपाट्याने उतरत असतील, तर पूर्ण भूलच योग्य. आणि सगळं समजावूनही आई नको म्हणाली, तर कमरेत सुई घालायची नाही.

कमरेतल्या भुलीत बीपी उतरतं, त्याची पहिली खूण बहुधा मळमळ. लगेच सांगितलं की फिनाइलएफ्रिन या बीपी वाढवणाऱ्या औषधाने सावरता येतं.

भूलघर:
कमरेतल्या सुईनंतरच्या डोकेदुखीचं सांगायचं राहिलं. बसलं की वाढते, आडवं झालं की उतरते; सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपल्यामुळे. पेन्सिलसारख्या टोकाच्या सुईने ती बरीच कमी होते. चोवीस तास उशी काढून झोपवल्याने ती टळत नाही, उगाच पाजायचं अडतं. डोकं दुखतंय आणि बीपीही वाढलंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर सुईला दोष देत थांबू नका, तातडीने डॉक्टरांना दाखवा.