परिषदेत खरं शिकायला कुठे मिळतं, हॉलमध्ये की चहाच्या टेबलापाशी?

सिडकोची_डॉक्टर

मुंबईतली दोन दिवसांची वैद्यकीय परिषद आटोपून परवा रात्री पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला परत आले. सिडकोत माझा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना आहे. तो मी वर्षातून एकदाच दोन दिवस बंद ठेवते, तो अशा परिषदेसाठी. आल्यापासून भेटेल त्याला सांगते आहे, इथेही सांगते : व्याख्यानं कमी करा, चहाची सुट्टी वाढवा.

मला परिषदा मनापासून आवडतात. गळ्यात बॅज अडकवला की अनोळखी माणूसही आधी आपलं गाव वाचतो आणि मग चेहऱ्याकडे बघतो. "नाशिक? द्राक्षं कशी आहेत यंदा?" इथून ओळख सुरू. हॉलमध्ये एसी असा की दुपारपर्यंत निम्म्या बायकांच्या अंगावर शाली. प्रश्नोत्तरांच्या वेळी एक वयस्कर डॉक्टर हमखास उठतात : "प्रश्न नाही, थोडं सांगायचं आहे." अध्यक्ष घड्याळ दाखवतात, पण मी कान देऊन ऐकते. चाळीस वर्षं ओपीडी केलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे असा माईक मिळतो?

आता मुद्दा. हॉलमध्ये मधुमेहाच्या नव्या औषधांवर उत्तम व्याख्यान झालं. पण माझ्याकडे पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या पेशंटच्या घरी फ्रीज नाही, त्याने इन्सुलिन ठेवायचं कुठे, हे मला सांगितलं चहाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या जळगावच्या डॉक्टरांनी. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, वर ओलं फडकं. वाळूतलं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हातवारे करून त्यांनी ते असं समजावलं की माझा चहा गार झाला. तेवढ्यात घंटा वाजली, कारण सुट्टी पंधरा मिनिटांची आणि दहा गेली होती रांगेत. लोड शेडिंगचं विचारायचं राहूनच गेलं.

गंगापूररोड_एमडी

मॅडम, अजिबात पटलं नाही. चहाच्या टेबलावर जे पिकतं ते तपासतं कोण? अशाच एका सुट्टीत एक सन्माननीय सहकारी पाच जणांना सांगत होते की साध्या सर्दी-तापाला पहिल्याच दिवशी ॲझिथ्रोमायसिन दिलेलं बरं, पेशंट परत येत नाही. पाचातल्या तिघांनी मान डोलावली. विषाणूच्या तापावर अँटिबायोटिक चालत नाही, उलट जंतू औषधाला निर्ढावतात, हे हॉलमधला वक्ता आकड्यांनिशी सांगत होता, आणि त्या वेळी हे पाचही जण बाहेर समोसा खात होते. व्याख्यानात निदान उलटून विचारता येतं, "पुरावा दाखवा". टेबलापाशी समोरच्याच्या वयाकडे बघून आपण गप्प बसतो.

आणि तुमचं मडकं. कोरड्या उन्हाळ्यात जळगावला ते छान चालेल. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की पाणी उडायलाच बघत नाही. मग मडकं थंड होणार कसं? हे त्यांनी सांगितलं?

ओपीडी_ते_ओटी

सरांशी सहमत. मी रेसिडेंट, म्हणजे रुग्णालयात शिकत काम करणारा डॉक्टर आहे, यंदा पहिल्यांदाच मोठ्या परिषदेला गेलो. ज्यांचे पेपर रात्री जागून वाचले ते समोर उभे राहून बोलत होते. दोन्ही दिवस पहिल्या रांगेत बसलो, चहाला गेलोच नाही. मॅडम, तुमची ओळखीची माणसं आहेत म्हणून तुम्हाला टेबल आवडतं. आमच्यासारखा नवखा तिथे हातात कप घेऊन भिंतीला टेकून उभा असतो. हॉलमध्ये मात्र खुर्ची सगळ्यांना सारखीच.

मेनरोडचा_दवाखाना

मी तिसरंच म्हणतो : जायचंच कशाला? महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट, म्हणजे अशा परिषदा-व्याख्यानांच्या हजेरीचे गुण, लागतात, त्यातले बरेच ऑनलाइन मिळतात. औषधांच्या जाहिरात-विक्रीसाठी आलेल्या 2024च्या संहितेनंतर औषध कंपन्यांनी डॉक्टरांचा प्रवास-हॉटेलचा खर्च करणं बंद झालं, वक्ते तेवढे वगळून. ते योग्यच झालं. पण आता फी, गाडी, खोली सगळं खिशातून, वर दोन दिवस दवाखाना बंद. लहान गावातल्या डॉक्टरला हे झेपत नाही.

पंचवटीकर

मग परिषदाच नाशिकला आणा ना! राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998पासून इथे आहे, म्हसरूळला. 1950 साली काँग्रेसचं अधिवेशन या गावाने पेललं, 2021च्या डिसेंबरात 94वं साहित्य संमेलन पार पाडलं. दोनेकशे डॉक्टरांना सकाळची मिसळ आपल्याला जड आहे का? आणि मोठं काम मोठ्या शहरातच होतं, असंही नाही. विंचूदंशाने माणसं मरत होती तेव्हा प्राझोसिन हे औषध वापरून त्यांना वाचवण्याचं काम डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडच्या परिसरात केलं आणि ते लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

गंगापूररोड_एमडी

पंचवटीकर, बावस्कर सरांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्यांनी नोंदी ठेवल्या, लिहिलं, जगाला तपासू दिलं. नुसतं चहावर सांगून थांबले असते तर ते ज्ञान महाडच्या पुढे गेलं नसतं.

सिडकोची_डॉक्टर

सर, हे मान्य. पावसाळ्याचं मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं. एवढं मात्र त्यांनी बजावलं होतं की मडक्यात फ्रीजचे 2 ते 8 अंश मिळत नाहीत. म्हणून साठा ठेवायचा नाही, वापरात असलेली एकच बाटली ठेवायची, तीही चारेक आठवड्यांत संपवायची.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. फ्रीज नसलेल्या घराचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता. तो रांगेत निघाला, कारण तिथे दोन दवाखानेवाले समोरासमोर आले. ऑनलाइनमध्ये ही रांगच नसते, म्हणून मला तो पर्याय पुरत नाही. आणि रेसिडेंट दादा, तुमचं वाचून वाईट वाटलं. पुढच्या वर्षी याल तेव्हा नाशिकचा बॅज शोधा. भिंतीपाशी उभं राहायचं नाही, आमच्यात यायचं.

सर, एक करू या का? कुंभारवाड्यातून मडक्यांच्या दोन जोड्या आणते. एक माझ्या दवाखान्यात, एक पेठला माझ्या पेशंटच्या घरी. जूनपासून रोज दुपारी आतलं आणि बाहेरचं तापमान लिहायचं. तुम्ही आकडे तपासा, हवे तसे झोडपा. मग पुढच्या परिषदेत मांडायला त्याचं पोस्टर करू.

ओपीडी_ते_ओटी

पोस्टरवर माझं नाव चालेल का? नोंदी भरायला मी पेठला जाईन.

गंगापूररोड_एमडी

चालेल. जूनपासून नको, एप्रिलपासूनच सुरू करा, म्हणजे उन्हाळा-पावसाळा शेजारी ठेवून बघता येईल. हवेतली आर्द्रताही रोज लिहा, तिच्याशिवाय आकड्यांना अर्थ नाही. आणि साधा थर्मामीटर आणू नका, दिवसातलं कमाल-किमान दोन्ही दाखवणारा घ्या. पेठचा मी देतो.