कंस राहिला आणि उत्तर बदललं: ऑपरेटर प्रिसीडन्सचे अनुभव

ऑपरेटर प्रिसीडन्स म्हणजे एका ओळीत कुठली क्रिया आधी होते तो प्राधान्यक्रम. तो चुकला की प्रोग्राम चालतो, एरर येत नाही, उत्तर मात्र चुकीचं. नवशिक्यांना अशा ओळी फार छळतात, म्हणून हा धागा. कुठल्या भाषेत, नेमक्या कुठल्या ओळीवर काय झालं ते लिहा. शिकवणाऱ्यांनी तर आवर्जून लिहा.

*

मी नवशिक्यांना शिकवते. 'कंचेभागुबेव' इतकं पाठ असतं की १० - ३ + २ चं उत्तर काहीजण ५ सांगतात, कारण त्यात बेरीज आधी! यंत्र ९ देतं. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, गुणाकार-भागाकारही एकाच पायरीवर. पायरी सारखी असली की डावीकडून उजवीकडे. सीमध्ये पूर्णांक घेऊन टक्केवारी काढा: ४५ / ६० * १०० म्हणजे ० (४५ / ६० चा अपूर्णांक भाग गळतो), आणि ४५ * १०० / ६० म्हणजे ७५.

*

हार्डवेअरसाठी सी लिहिणाऱ्यांना ही अट कधी ना कधी भेटतेच: स्टेटस & मास्क == ०. मास्क म्हणजे कुठले बिट तपासायचे ते सांगणारा आकडा. इथे == (सारखं आहे का) आधी होतं, बिटवार 'आणि' नंतर. मास्क शून्य नसला की ती तुलना ०, आणि कशालाही & ० केलं की ०. अट कधीच खरी होत नाही. आमच्याकडे नवी आलेली मुलगी सेन्सर बिघडलाय समजून दिवसभर वायरी तपासत होती.

तिचा काय दोष? सीच्या आधीच्या बी भाषेत && (दोन अटी जोडणारं 'आणि') नव्हतंच, & दोन्ही कामं करायचं. सीमध्ये && आलं तेव्हा जुना कोड मोडू नये म्हणून & ची क्रमातली जागा तशीच राहिली. ती बदलली असती तर बरं झालं असतं, असं सीचे जनक डेनिस रिची यांनीच १९९३ च्या लेखात म्हटलंय. जीसीसी या सी कंपायलरच्या वॉर्निंग्ज चालू ठेवा, ही ओळ तो दाखवतो.

*

पायथनमध्ये नेमकं उलट, & तुलनेच्या आधी! पांडाज या तक्त्यांसाठीच्या लायब्ररीमध्ये वय > १८ & गुण > ५० लिहिलं की आधी १८ & गुण होतं. एरर येते, पण तिच्यात प्राधान्यक्रमाचं नावही नसतं. मुलं भलतीकडेच शोधत बसतात.

*

डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत ॲंड आधी, ऑर नंतर. 'विभाग १ ऑर विभाग २ ॲंड बंद खाती' या अटीवर डिलीट चालवलं की विभाग १ मधली चालू खातीही जातात. मी प्रत्येकाला आधी तीच अट सिलेक्टला (ते फक्त नोंदी दाखवतं) लावून पाहायला लावतो.

*

एक्सेलमध्ये =-२^२ म्हणजे ४, पायथनमध्ये -२**२ म्हणजे -४ (दोन्हीकडे २ चा वर्गच). फॉर्म्युला कोडमध्ये उतरवताना हे हमखास निसटतं. जावास्क्रिप्ट ही ओळ कंसाशिवाय घेतच नाही, आणि मला तेच सगळ्यात योग्य वाटतं.