मदत हवी आहे: ३०० बारचा ब्रीदिंग एअर कॉम्प्रेसर, दुसऱ्या स्टेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतोय

फायररूम_नंदेसरी
नमस्कार मंडळी. बडोद्याजवळ नंदेसरी जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका रासायनिक कारखान्याच्या फायर रूममध्ये एससीबीए (पाठीवर घ्यायचा श्वसन संच) सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर आहे. तीन स्टेज (हवा तीन टप्प्यांत दाबली जाते), एअर कूल्ड, तीन फेज मोटर, मिनिटाला १०० लिटर, ३०० बार. तास मीटर ६४० वर आहे. तेल मिनरल, बदलून १४ महिने झाले. फिल्टर कार्ट्रिज नवीन टाकून मशीन २२ तास चाललंय.

तक्रार अशी. ६.८ लिटरचा रिकामा सिलिंडर आधी वीसेक मिनिटांत भरायचा, आता ३३ लागतात. पहिल्या स्टेजचा गेज ६ बारवर स्थिर असतो. दुसऱ्याचा ५० पासून चढत जातो, शेवटचा दाब १७० च्या पुढे गेला की ७५ ओलांडतो आणि त्या स्टेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह फुस्स करून उडतो. मॅन्युअलप्रमाणे तो ४० ते ५५ मध्ये राहायला हवा. शिवाय ओलावा दाखवणारं कार्ड गुलाबी झालंय आणि हवेला तेलकट वास येतो.

इनटेक फिल्टर बदलला, पट्टा ताणला, सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासले, गळती नाही. मिस्त्री म्हणतो सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गेली, एक पीळ आवळून देतो. करू द्यावं का?

दाबमापक
नाही. त्याला हात लावू देऊ नका. तो सील केलेला आहे आणि आपलं काम चोख करतोय. तो उडतोय याचा अर्थ त्याच्या पुढची स्टेज हवा गिळत नाहीये.

हे गणित सगळ्या मल्टीस्टेज मशीनना लागू पडतं. एखाद्या स्टेजचा दाब नेहमीपेक्षा जास्त असेल तर दोष पुढच्या स्टेजमध्ये. कमी असेल तर दोष त्याच स्टेजमध्ये किंवा तिच्या आधी. तुमचा पहिला गेज जागेवर आहे, म्हणजे दुसरी स्टेज धडधाकट. राहिली तिसरी. शेवटचा दाब वाढेल तसा दुसरा गेज वाढतो, म्हणजे तिसरीतून हवा मागे येतेय. इथे दोनच संशयित: तिसऱ्या स्टेजचे व्हॉल्व्ह, नाहीतर तिचा पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती बाही).

दोन्हींतला फरक खोलल्याशिवाय कळतो. क्रँककेसच्या ब्रीदरची (खालच्या तेलाच्या पेटीतली हवा बाहेर सोडणारी) नळी इनटेककडून सोडवा, मशीन २०० बारवर चालू असताना तिच्या तोंडाशी तळहात धरा. हलका श्वास जाणवला तर ठीक. ठोके देत जोराची हवा आली तर पिस्टन गेला. तो लायनरसकट जोडीनेच बदलतात, एकटा बदलून काही उपयोग नाही. ब्रीदर शांत असेल तर व्हॉल्व्ह. मग तिसऱ्या हेडचं तापमान इन्फ्रारेड गनने घ्या, गळका व्हॉल्व्ह असलेलं हेड नेहमीपेक्षा बरंच तापतं. सोबत शेवटच्या सेपरेटरचंही (हवेतलं पाणी-तेल वेगळं करणारं भांडं) घ्या, ते मला वेगळ्या कारणासाठी हवंय.

मांडवी_गॅरेज
ऑइल १४ महिने जुनं आहे, तेच कारण असेल. ट्रकचं १५डब्ल्यू४० टाका, सगळीकडे मिळतं, चिकटपणा जवळपास तोच.

दाबमापक
भाऊ, हे चुकूनही करू नका. ही हवा माणसाच्या छातीत जाते. इंजिन ऑइलमधले डिटर्जंट आणि इतर रसायनं गाडीसाठी ठीक, इथे त्यांची वाफ मास्कमध्ये येणार. शिवाय तिसऱ्या स्टेजच्या तापमानाला ते व्हॉल्व्हवर काजळी धरतं. उत्पादकाच्या यादीतलं ब्रीदिंग एअरसाठी मंजूर असलेलं तेलच टाकायचं.

मिनरल तेल साधारण १००० तास किंवा वर्ष, आधी येईल ते. म्हणजे तास झाले नसले तरी तुमचं बदलायला आलंच आहे. सिंथेटिकवर जायचं असेल तर नुसतं वरून ओतू नका. जुनं गरम असताना पूर्ण काढा, नवीन घालून थोडे तास चालवा, तेही टाका, मग कायमचं भरा. सिंथेटिक तेल जुनी काजळी सोडवतं आणि ती जाऊन व्हॉल्व्हच्या सीटवर बसते.

फायररूम_नंदेसरी
ब्रीदर शांत आहे. खोली ३८ अंश. तिसरं हेड हात लावण्यापलीकडे तापलंय, शेवटचा सेपरेटर ६१. वीस-पंचवीस मिनिटांनी ड्रेन करतो. जूनची दमट हवा सुरू झालीय, त्यामुळे फिल्टर लवकर ओला होत असेल का?

सलाटवाडा_टेक
दादा, फिल्टरला पावसाची एवढी फिकीर नसते, उष्णतेची असते. मे महिन्यातली कोरडी हवासुद्धा घनमीटरला १० ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊन येते. १५० बारला दाबल्यावर ती संपृक्त होतेच, म्हणजे तिच्यात आणखी वाफ मावत नाही. जादा पाणी सेपरेटरमध्ये उतरतं आणि फिल्टरपर्यंत फक्त तेवढी वाफ जाते जेवढी त्या तापमानाला हवेत मावते. म्हणून सेपरेटरचं तापमान हा कळीचा आकडा.

हिशेब करून पाहा. संपृक्त हवेत ३० अंशाला घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम, ४० ला ५१, ५० ला ८३, ६० ला १३० ग्रॅम वाफ मावते. याला १५० ने भागा, म्हणजे तुमच्या फिल्टरवर दर घनमीटर मोकळ्या (न दाबलेल्या) हवेमागे पडणारा भार. ६० अंशाला ०.८७ ग्रॅम. कार्ट्रिजमध्ये २०० ग्रॅम मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे दाणे) धरलं तर ते वजनाच्या २० टक्के, म्हणजे ४० ग्रॅम पाणी धरतं. तेवढ्यात ४६ घनमीटर हवा कोरडी होते. मशीन तासाला ६ घनमीटर देतं, म्हणजे जेमतेम साडेसात तास. तीच कार्ट्रिज ५० अंशाला १२ तास, ४० ला १९, ३० ला ३३ तास. तुम्ही २२ तास चालवलीत. गुलाबी कार्ड खरं बोलतंय.

१५० बार धरलाय तो प्रेशर मेंटेनिंग व्हॉल्व्हमुळे, तो फिल्टरमधला दाब तेवढा होईपर्यंत हवा पुढे सोडत नाही. तो खराब होऊन ८० ला उघडत असेल तर भार जवळपास दुप्पट होतो, तेव्हा तोही बघा. मशीन सुरू झाल्यावर भरणीच्या नळीत हवा यायला लागते त्या क्षणी शेवटचा गेज किती दाखवतो, तेवढंच टिपायचं.

ड्रेन दर १०-१५ मिनिटांनी, पावसाळ्यात दहालाच. सेपरेटर भरला की पाणी थेट कार्ट्रिजवर जातं आणि वरचा सगळा हिशेब बाद.

दाबमापक
३८ च्या खोलीत सेपरेटर ६१ हे फार झालं. खोलीपेक्षा १०-१५ अंश जास्त असावा. एक विचारतो: मोटरची वायरिंग अलीकडे कुणी उघडली होती?

फायररूम_नंदेसरी
हो, एप्रिलमध्ये मोटर जळली म्हणून रिवाइंड करून (आतली तार नव्याने गुंडाळून) आणली. का?

दाबमापक
पट्ट्याच्या गार्डवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. मशीन क्षणभर सुरू करून बंद करा आणि थांबताना फ्लायव्हील कुठे फिरतंय ते बघा.

फायररूम_नंदेसरी
उलटं फिरतंय! पण हवा तर भरत होतं?

दाबमापक
भरणारच. पिस्टनला दिशा नसते, वर-खाली तेवढंच माहीत. दिशा असते ती फ्लायव्हीलवरच्या पंख्याला. तो उलटा फिरला की कूलरवरून हवा नीट जात नाही. तुमच्या मशीनला ऑइल पंप नसून स्प्लॅश ल्युब्रिकेशन (क्रँक फिरताना उडणाऱ्या तेलावर चालणारं) असेल, म्हणून क्रँक वाचला. पंप असता तर एव्हाना दाणादाण उडाली असती.

आता साखळी लागते. पंखा उलटा, हेड तापलं, तेल तिसऱ्या व्हॉल्व्हवर जळून कोक झालं, व्हॉल्व्ह सीटवर नीट बसेना, मागे आलेली हवा पुन्हा दाबली जाऊन हेड आणखी तापलं. तेलाचा वासही तिथलाच.

सलाटवाडा_टेक
आणि मोटर विजेची आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइडची काळजी नाही असं समजू नका. तापून जळणारं तेल स्वतःच तो बनवतं. फिल्टरमध्ये हॉपकॅलाइट या उत्प्रेरकाचा थर असेल तर तो त्याचा डायऑक्साइड करतो, पण ओला झाला की निकामी. म्हणूनच तो सीव्हच्या नंतर ठेवतात. तुमचं सीव्ह संपलंय, म्हणजे तोही गेला. इनटेकची नळी डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि फोर्कलिफ्टपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे ना, तेही पाहून घ्या.

दाबमापक
कामाचा क्रम. मेन स्विच बंद करून फ्यूज काढा. सगळे ड्रेन हळूहळू उघडून तिन्ही गेज शून्यावर आणा. फिल्टरचा दाब सावकाश सोडा, एकदम सोडला तर सीव्ह आणि कोळशाचे दाणे फुटून पूड होते आणि पुढे जाते. झाकण हाताच्या जोराने फिरत नसेल तर आत दाब आहे. पाना लावायचा नाही, थांबायचं.

तिसऱ्या हेडचे सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही व्हॉल्व्ह नवीन टाका, घासून परत बसवण्यात पैसे वाचत नाहीत. गॅस्केट आणि ओ रिंग नवीन. नळीच्या आतली काजळीही काढा. हेडचे बोल्ट आमनेसामने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. मॅन्युअलमध्ये आकडा नसेल तर एम८ ला २५ आणि एम१० ला ४५ न्यूटन मीटर, टॉर्क पान्यानेच. तेल बदला. इलेक्ट्रिशियनकडून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करून घ्या. नवीन कार्ट्रिजची पिशवी बसवायच्या क्षणीच फोडा, नाहीतर बडोद्याची हवा फुकटात पिते.

फायररूम_नंदेसरी
झालं. डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या सीटवर काळा खडबडीत थर होता, नखाने निघत नव्हता. आता दुसरा गेज ४८ वर स्थिर, सेपरेटर ५०, सिलिंडर २१ मिनिटांत. मेंटेनिंग व्हॉल्व्ह १४५ ला उघडतो. आधी भरलेल्या सहा सिलिंडरांचं काय? आणि काम संपल्यावर फिल्टर रिकामा करून ठेवायचा का?

सलाटवाडा_टेक
सहाही बाहेर मोकळ्यावर सावकाश रिकामे करा, व्हॉल्व्ह काढून आत उजेड टाकून बघून घ्या. पाणी किंवा डाग दिसला तर टेस्टिंगवाल्याकडे. टेस्टची तारीख उलटलेला कुठलाही भरायचा नाही. नवीन हवा रंग बदलणाऱ्या नळ्यांच्या संचाने तपासा. ईएन १२०२१ या श्वसनाच्या हवेच्या युरोपीय मानकाप्रमाणे कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम (दहा लाखांत ५ भाग), डायऑक्साइड ५०० पीपीएम, तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम आणि कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पाणी २५ मिलिग्रॅम यांच्या आत हवं. वास येत नाही ही तपासणी नव्हे.

फिल्टर रिकामा करू नका. सेपरेटर ड्रेन करा, पण फिल्टरमध्ये ८०-१०० बार राहू द्या. रिकामा ठेवला तर पुढच्या वेळी सुरुवातीची हवा कमी दाबाने जाते आणि जास्त ओली असते.

आणि कार्ट्रिज बसवण्याआधी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून तिच्यावर मार्करने वजन लिहा. १० तासांनी पुन्हा तोला. वाढ ४० ग्रॅमच्या जवळ पोचली असेल तर बदला. सेपरेटर ५० असेपर्यंत तुमचे तास बाराच आहेत. खोलीला एक्झॉस्ट पंखा लावून ४५ वर आणलात तर पंधरा-सोळा मिळतील.

फायररूम_नंदेसरी
आधीची जुनी कार्ट्रिज तोलली, नव्यापेक्षा ५८ ग्रॅम जड निघाली. पंख्यासाठी भिंतीला भोक पाडायची चिठ्ठी आजच मेंटेनन्सला दिली.