सोमाली कालगणनेतले चार ऋतू आणि आपला पाऊस

माणदेशी (दहिवडी):
भूगोलाच्या वर्गासाठी सोमालियावर टिपण लिहिताना एक शंका आली. तिथले सणवार हिजरी महिन्यांप्रमाणे होतात आणि ते महिने दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतात. असे असताना उंट-शेळ्या घेऊन हिंडणारे तिथले पशुपालक पावसाचा अंदाज कोणत्या हिशेबाने बांधतात?

कृष्णाकाठ (सांगली):
सणांना चांद्र महिने आणि गुराढोरांना सूर्य, अशी त्यांची विभागणी आहे. आपला शेतकरी एकादशी तिथीने धरतो, पण पेरणी मात्र मृगाच्या हिशेबाने करतो, तसेच हे. त्यांचे पारंपरिक सौर वर्ष ३६५ दिवसांचे असून त्यात चार ऋतू येतात. एप्रिल ते जून हा मुख्य पावसाचा 'गु', त्यानंतर सप्टेंबरपर्यंत कोरडा, वाऱ्याचा 'हगा', मग डिसेंबरच्या सुमारापर्यंत थोड्या पावसाचा 'देयर' आणि शेवटी मार्चपर्यंत 'जिलाल', म्हणजे चारापाणी आटवणारा सर्वांत कठीण काळ. (पहिल्या दोन नावांना वर्गात हशा पिकणार, याची तयारी ठेवावी.) वर्षारंभाच्या सणाला 'दबशिद', म्हणजे अग्नी पेटवणे, म्हणतात. बावन्न आठवडे भरून एक दिवस उरत असल्यामुळे दरवर्षीचा पहिला दिवस एका वाराने पुढे जातो आणि त्या वर्षाला त्याच वाराचे नाव मिळते.

माणदेशी (दहिवडी):
आभारी आहे. पण आपल्याकडे ऐन पावसाळा असताना 'हगा' कोरडा कसा?

घाटमाथा (महाबळेश्वर):
कारण वारा एकच आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. त्याच्या जोराने वरचे पाणी बाजूला सरून खालचे थंड पाणी वर येते, त्यामुळे तिथे पाऊस फारसा पडत नाही. तोच वारा अरबी समुद्र ओलांडताना बाष्प गोळा करतो आणि सह्याद्रीला अडून वर चढताना ते सोडतो. म्हणून आमच्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर घाट उतरून आलेला वारा तुमच्या दहिवडीला जेमतेम पाचशेच्या आसपास देतो. जिलालमध्ये विहिरींभोवती गोळा होणारे ते पशुपालक माणदेशातल्या धनगरांना परके वाटणार नाहीत.

कृष्णाकाठ (सांगली):
एक सांगायचे राहिले. त्यांचा 'दिरिर' हा तारा म्हणजे आपली चित्रा. तिच्याजवळ चंद्र आला की तिथले जाणकार 'गु'च्या पावसाचे भाकीत करतात.