कीबोर्ड डॉकवाला नवा टॅब घेऊ का जुन्यावरच भागवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला सल्ला देता येणार नाही म्हणून सांगते.

माझ्याकडे दहा इंची अँड्रॉइड टॅब आहे, सहा वर्षं झाली, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड ९ वर अडकलाय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. त्याच्यासोबत कीबोर्ड डॉक आला होता, म्हणजे खाली कीबोर्ड आणि वरती बिजागरीत टॅब अडकवायचा, मिटला की छोट्या लॅपटॉपसारखा दिसतो. हा डॉक माझा जीव की प्राण आहे आणि आता तोच कुरकुरायला लागलाय, ट दोनदा दाबल्याशिवाय उमटत नाही.

वापर काय ते सांगते. भोरकडच्या आमच्या गावी माझी आत्या असते, वय ८१. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, किती येतात ते तिलाही माहीत नाही, एकीतून दुसरी निघत जाते. दर दुसऱ्या शनिवारी मी स्वारगेटवरून एसटी पकडून जाते आणि ती सांगेल तसं टाईप करून घेते. रेकॉर्डिंग पण करते फोनवर, पण नुसतं रेकॉर्डिंग करून भागत नाही हे अनुभवानं कळलंय, कारण एखाद्या शब्दाचा अर्थ तिला तिथल्या तिथे विचारावा लागतो, आणि मुख्य म्हणजे टाईप केलेलं मी तिला लगेच वाचून दाखवते, मग ती म्हणते "आगं तसं न्हाई" आणि दुरुस्त करते, आणि दुरुस्त करता करता अजून दोन आठवतात. हे पुण्याला घरी बसून रेकॉर्डिंग ऐकताना कसं होणार?

बोलून टाईप करायची सोय वापरून पाहिली. ती आत्याच्या 'व्हती'चं 'होती' करते आणि 'मपल्या'चं भलतंच काहीतरी. तिची बोलीच पुसून टाकायची असेल तर एवढा खटाटोप कशाला? वहीत लिहून नंतर टाईप करणं दोन वर्षं केलं, तीन वह्या अजून तशाच पडल्यात. लॅपटॉप आहे, पण जड आहे, बॅटरी दोन तासात मान टाकते आणि त्याच्या पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. टॅबला पंखा नसतो हे मला फार मोठं सुख वाटतं.

आता अडचणी. एक, टॅब फार हळू झालाय, फाईल उघडेपर्यंत आत्या पुढच्या ओवीवर गेलेली असते. दोन, चार्जिंग टिकत नाही, आणि तिकडे वीज गेली की गेली. हल्ली डाव्या कोपऱ्यात स्क्रीन जराशी वर आल्यासारखी वाटते पण कव्हर घट्ट लावलं की बसते, त्याचं काही नाही. तीन, जागा संपत आलीय.

मी इन्स्क्रिप्टनं, म्हणजे कीबोर्डावरच्या मराठी अक्षरांच्या प्रमाण मांडणीनं, न बघता टाईप करते. आधी टायपिंगच्या क्लासला मशीनवर मराठी ३० केलं होतं, मग नोकरीत इन्स्क्रिप्ट शिकले. मागच्या आठवड्यात एका दुकानात नवे टॅब बघायला गेले तर तिथल्या मुलानं रॅम, रिफ्रेश रेट, गेम सगळं धडाधड सांगितलं पण "याच्या कीबोर्डावरून मराठी टाईप करून दाखवा" म्हटल्यावर त्याला ते जमेना. तिथूनच परत आले.

बजेट ३५ हजार, फारच चांगलं असेल तर ३८. डॉक बिजागरीवालाच पाहिजे कारण मी जमिनीवर मांडी घालून बसते. तर नवा घ्यावा का याच्यात अजून एक वर्ष काढावं? आणि घ्यायचा तर कुठला?

प्रतिसाद १

ताई, आधी हे कराच म्हणून सांगतो, फार सुंदर काम आहे.

मराठी टायपिंगचं उत्तर सोपं आहे. 'कीमॅन' नावाचं फुकट अॅप आहे, एसआयएल या संस्थेचं, पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत. अँड्रॉइडवर बाहेरून जोडलेल्या कीबोर्डलाही ते चालतं आणि त्यात मराठीचे लेआउट मिळतात, विंडोजमध्ये असतो तसाच मराठी पण आहे. त्यामुळे टॅब कुठल्याही कंपनीचा घेतला तरी तुमची बोटं तीच राहतील.

मॉडेलचं म्हणाल तर गॅलॅक्सी टॅब एस९ एफई बघा. २०२३ च्या ऑक्टोबरात आला तेव्हा ३६,९९९ होता, आता सेलमध्ये कमी होतो. ६ जीबी रॅम, १२८ जीबी, शिवाय मेमरी कार्ड बसतं, ८००० एमएएचची बॅटरी, पाण्याधुळीसाठी आयपी६८, आणि सिक्युरिटी अपडेट पाच वर्षं म्हणजे २०२८ पर्यंत. चार्जर मात्र बॉक्समध्ये नसतो, तो वेगळा धरा. कीबोर्डही वेगळा घ्यावा लागतो.

प्रतिसाद २

शाओमी पॅड ७ पण बघा. जानेवारी २०२५ ला आला तेव्हा २७,९९९ पासून सुरू होता आणि त्याचा फोकस कीबोर्ड ८,९९९, म्हणजे दोन्ही मिळून तुमच्या ३८ च्या आत. तुम्हाला बिजागरीचा हट्ट आहे म्हणून सांगतोय, त्या कीबोर्डला मागून टेकू देणारी बिजागरी आहे, मागे पाय काढून उभा करायचा प्रकार नाही. फक्त मेमरी कार्ड बसत नाही आणि हेडफोनचं भोक पण नाही.

आयपॅडकडे जाऊ नका असं नाही म्हणत, टॅब म्हणून उत्तम आहे, पण २०२५ चा साधा आयपॅड ३४,९०० आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड फोलिओ २४,९००, साठ हजार झाले की हो!

प्रतिसाद ३

बाकी सगळं राहू द्या. ताई, "डाव्या कोपऱ्यात स्क्रीन वर आलीय" असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. ती बॅटरी फुगलीय. लिथियमची बॅटरी जुनी झाली की आत गॅस धरतो आणि ती उशीसारखी फुगते, स्क्रीन उचलते. कव्हर घट्ट लावून तुम्ही ती दाबताय, हे अतिशय धोक्याचं आहे, दाबल्यानं किंवा टोचल्यानं पेट घेऊ शकते.

आत्ताच्या आत्ता कव्हर काढा. चार्जिंगला अजिबात लावू नका, रात्री उशाशी तर नाहीच नाही. आहे त्या चार्जिंगमध्ये ओव्यांच्या फायली दुसरीकडे काढून घ्या, मग बंद करून नुसत्या फरशीवर ठेवा, गादी-कपड्यांपासून लांब. आणि स्वतः उघडायला जाऊ नका. "अजून एक वर्ष काढावं का" या प्रश्नाचं उत्तर यातच आलं.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादाला हजारदा अनुमोदन. आमच्या ऑफिसात एकाचा फोन असाच फुगला होता, त्यानं रबरबँड लावून दोन महिने वापरला, नशीब त्याचं. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत पण टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

धागाकर्ती

बाप रे. खरंच हात थरथरले वाचून. परवाच्या एसटीत तो पिशवीत मांडीवर घेऊन बसले होते. कव्हर काढलं तर स्क्रीन चांगली बोटभर उचललेली दिसतेय, इतके दिवस मी तिला दाबून बसवत होते. ४१२ ओव्या होत्या त्यात, सगळ्या पेनड्राइव्हवर आणि लॅपटॉपवर काढून घेतल्या, टॅब बंद करून बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवलाय. प्रतिसाद ३ वाले दादा, तुमचे उपकार विसरणार नाही.

म्हणजे आता घ्यायचाच आहे. पण डॉकचं अजून ठरत नाहीये.

प्रतिसाद ५

मी पण इन्स्क्रिप्टवालीच आहे, अनुवादाची कामं करते, म्हणून एक गोष्ट सांगते जी कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सापडणार नाही कारण रिव्ह्यू करणारे इंग्रजीत टाईप करतात.

इन्स्क्रिप्टमध्ये उजव्या कडेची जी विरामचिन्हांची बटणं असतात ना, तिथे आपली अक्षरं असतात. एलच्या शेजारच्या अर्धविरामावर च, त्याच्या पुढच्या अवतरणचिन्हावर ट, पीच्या शेजारच्या चौकटी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य, आणि उलट्या तिरप्या रेघेवर ॉ, म्हणजे डॉक्टर, कॉलेज सगळं त्याच्यावर. दहा-अकरा इंचाच्या कीबोर्डात जागा वाचवायची झाली की पहिली कुऱ्हाड याच बटणांवर पडते. ती अर्धी करतात किंवा फंक्शन बटणाखाली ढकलतात. इंग्रजीवाल्याला कंस कधीतरीच लागतो, आपल्याला ड आणि य दर ओळीला लागतात!

तेव्हा दुकानात जाल तेव्हा आधी उजवी कड बघा. एलच्या पुढे दोन पूर्ण बटणं, पीच्या पुढे दोन, खाली एमच्या पुढे तीन. ती पूर्ण आकाराची नसतील तर कीबोर्ड कितीही देखणा असो, घेऊ नका. तुमच्या जुन्या डॉकला ट त्रास देतोय ना, नव्याला तो जन्मापासून तसाच असायचा.

प्रतिसाद ६

डॉकला टॅबकडूनच वीज मिळते, पिना जुळल्या की झालं, वेगळं चार्जिंग नाही, जोडणी तुटत नाही, हे फायदे खरे आहेत. पण मांडीसाठीच बिजागरी हवी असेल तर एक वेगळा उपाय. मी वारीत नोंदी ठेवायचो तेव्हा जेवणाचा पाट मांडीवर आडवा घ्यायचो. पाटावर स्टँड लावून टॅब आणि पुढे साधा ब्लूटूथ कीबोर्ड. मांडी हलली तरी पाट हलत नाही. आणि कीबोर्ड बिघडला तर नुसता कीबोर्ड बदला, हजार-दीड हजारात होतं, डॉकसारखं त्याच मॉडेलचा शोधत बसावं लागत नाही. टॅब बदलला तरी कीबोर्ड तोच.

फक्त रेकॉर्डिंगचा फोन त्याच पाटावर ठेवू नका, बटणांची टकटक लाकडातून थेट आत जाते. फोन वेगळ्या घोंगडीवर, आजींच्या बाजूला.

प्रतिसाद ७

विंडोजवाला टू-इन-वन, म्हणजे टॅबसारखाही वापरता येणारा लॅपटॉप, का नाही कुणी सुचवला? विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासून आहे आणि २०१९ च्या अपडेटपासून फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाईप करायचा) पण. काही टाकावं लागत नाही.

धागाकर्ती

@प्रतिसाद ७, विचार केला होता, पण या बजेटात पंखा नसलेला आणि दिवसभर टिकणारा नवा कुठे दिसला नाही. घरी लॅपटॉप विंडोजचाच आहे, तिथे सगळं एकत्र करीनच.

काल पुन्हा दुकानात गेले, यावेळी दुसऱ्या. तिथल्या ताईंनी डेमोच्या टॅबवर कीमॅन टाकून बघू दिलं, मराठी लेआउट घेतला आणि जोडलेल्या कीबोर्डावर एन शिफ्टबरोबर दाबलं तर ळ आला! जे शिफ्टबरोबर दाबलं तर ऱ पण आला, म्हणजे 'दुसऱ्या', 'सासऱ्या' नीट लिहिता येणार. तिथेच उभ्या उभ्या एक अख्खी ओवी टाईप केली आणि ताईंनाही वाचायला दिली.

मग प्रतिसाद ५ मध्ये सांगितलंय तशी उजवी कड बघत तिथले पाच-सहा कीबोर्ड हाताळले. खरंय हो तुमचं, एवढी वर्षं टाईप करतेय आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मला जो हाताला बसला तो साधा ब्लूटूथ कीबोर्ड होता, टॅबपेक्षा दोन बोटं लांब, सगळी बटणं पूर्ण.

तर एस९ एफई घेतला, मेमरी कार्डाची जागा आहे म्हणून तोच. रेकॉर्डिंग आणि फायली कार्डावर ठेवल्या की भाच्याकडे एक प्रत द्यायला सोपं जाईल, आणि चुलीजवळच्या धुरळ्यात आयपी६८ चा उपयोग होईल. कीबोर्ड, स्टँड, चार्जर धरून पस्तीसच्या थोडं वर गेलं. डॉक घेतला नाही. सहा वर्षं त्याच्याशिवाय जमणार नाही असं धरून बसले होते, अजून थोडी रुखरुख आहे.

जुना टॅब दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्यानं उघडून दाखवला, बॅटरी पुरणपोळीसारखी टम्म फुगलेली. बॅटरी त्यानंच ई-कचऱ्यासाठी ठेवून घेतली.

धागाकर्ती (अपडेट)

शनिवारी गावाला जाऊन आले. आत्यानं माळ्यावरून पाट काढून दिला, तिच्या लग्नातला, पितळी फुल्यांचा. फुल्या टोचतात म्हणून त्यावर टॉवेल घातला. वीज दुपारी दीडला गेली ती सहाला आली, टॅब निघताना ५८ टक्क्यांवर होता. एकोणीस ओव्या झाल्या, त्यातल्या सहा पूर्वी घेतलेल्याच होत्या पण शब्द वेगळे होते, म्हणून त्या पण ठेवल्या. वाचून दाखवताना अक्षरं मोठी करून टॅब तिच्या हातात दिला तर तिनं स्वतः बोट लावून दोन ओळी वाचल्या, चौथी शिकलीय ती, आणि 'ह्यो सबुद माजा न्हाई' म्हणून एक काढायला लावला.

एक शेवटचं विचारते. एकाच ओवीचे दोन-तीन पाठ शेजारी शेजारी ठेवायचे असतील तर टॅबवर साध्या फाईलऐवजी शीट वापरावी का? तीन वह्या आणि ४३१ ओव्या आहेत, पुढे शब्दावरून शोधता यायला पाहिजे. कुणी असं केलं असेल तर कसं मांडलंत ते सांगा.